खाली घट्ट, वर मऊ

शाळेच्या गॅदरिंगला हर्षालीच्या हातात माइक आला आणि तिथंच सगळा घोटाळा झाला, असं तिची आत्या म्हणते. तोवर ही पोरगी हजेरीला ‘हजर’ म्हणायची तेसुद्धा फक्त शेजारच्या बाकाला ऐकू जाईल एवढ्याच आवाजात. पण ऐन वेळी सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीचा घसा बसला, बाईंनी समोर दिसली तिला स्टेजवर ढकललं, आणि त्या संध्याकाळी हर्षालीनं अख्ख्या धसईला पोट धरून हसवलं. दुसऱ्या दिवसापासून तिला गप्प करणं कुणाच्या बापाला जमलं नाही. तिचा स्वतःचा बाप, रघू, कसाऱ्याला रेल्वेत. तो प्रयत्न करायलाही फारसा समोर नसायचा.

हर्षालीचं घर किन्हवलीचं, पण शिकायला ती धसईला भागी आत्याकडे राहायची. भागी आत्या रघूची थोरली बहीण. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. पण एकटी बाई म्हणून कुणी तिची कीव करायला गेलंच, तर ते माणूस हातात किलोभर काकडी घेऊन आणि वर दोन टोमणे खाऊन परत यायचं. बाजारात पिंपळाखालची जागा तिची. तिथं गोणपाट टाकून ती बसली की आजूबाजूच्या भाजीवाल्या आवाज जरा खाली आणायच्या.

तर ही आत्या उडवीवरून पडली. भात झोडून झालं होतं, पेंढ्याची उडवी अंगणात रचून झाली होती, आणि शेजारच्या हौसाकाकूच्या म्हशीला चार पेंढ्या काढून द्याव्यात म्हणून आत्या वर चढली. चढली ती पायांनी आणि उतरली ती कमरेवर. खुबा मोडला. इस्पितळात आत सळी घातली, टाके पडले, निघाले, आणि आत्या चार पायांचा वॉकर घेऊन घरी आली. डॉक्टरांनी सांगितलं, “आजी, चालायचं, बसायचं, उठायचं. झोपून राहिलात तर खुबा नाही, तुम्हीच गंजाल.”

“आजी कुणाला बोलला तो?” आत्यानं रिक्षात बसल्यावर पहिलं हे विचारलं.

रघूचा बहिणीवर फार जीव. ती घरी यायच्या आधीच त्यानं मुरबाडहून टेम्पोत घालून एक गादी आणली. हातभर जाड, पांढरीशुभ्र, वर गुलाबाची फुलं. दाबली की हात मनगटापर्यंत आत जायचा. आत्याची जुनी कापसाची गादी त्यानं गुंडाळून माळ्यावर टाकली आणि नवारीच्या खाटेवर ही नवी पसरली.

“बाबा, प्लास्टिक काढायचं राहिलं,” हर्षाली म्हणाली.

“राहिलं नाय, ठेवलंय. नवी राहील.”

रघूच्या घरात टीव्हीचा रिमोट सात वर्षांचा होऊनही नवाच होता, कारण तो अजून पिशवीत होता. तेव्हा या विषयावर पुढं बोलण्यात अर्थ नव्हता.

आत्याला दोघांनी धरून गादीवर निजवलं. गादी आधी चर्रचर्र वाजली, मग आत्या हळूहळू खाली जायला लागली, आणि थांबली तेव्हा दह्यात सोडलेल्या वड्यासारखी ती वरून थोडीशीच दिसत होती.

“कसं वाटतंय, आक्का?”

“ढगात निजल्यागत वाटतंय रे.”

रघूचा चेहरा उजळला. आत्या पुढं म्हणाली, “पण ढगातून खाली कसं उतरायचं ते पण सांग.”

आणि तीच तर गोम होती. आत्याला त्या गादीवरून उठताच येईना. हात रोवावा तर हात आत जाई. काठावर सरकावं तर काठ खाली दबे आणि ती प्लास्टिकवरून घसरगुंडीसारखी निघे. गुडघे छातीशी, कंबर तळाशी. शेवटी एका बाजूनं हर्षाली, दुसऱ्या बाजूनं हौसाकाकू, अशी विहिरीतून कळशी काढल्यासारखी तिला वर काढावी लागे. हर्षाली शाळेत आणि हौसाकाकू शेतावर असली की आत्या आपली आढ्याकडे बघत पडून राही. नैसर्गिक विधीलासुद्धा कुणाची तरी वाट बघायची, यानं त्या बाईचा जीव अर्धा झाला.

रघू पुढच्या फेरीला आला, त्यानं हे बघितलं आणि पाय धुवायच्या आधीच निकाल दिला.

“आक्का, दोन आठवड्यांनी रविवारी मी टेम्पो घेऊन येतो. तोवर तू आपली आपण उठायला लागलीस तर राहा हितं, माझं काय म्हणणं नाय. नाय उठलीस तर किन्हवलीला चल. घराला कुलूप लावू.”

“आणि पिंपळाखाली?”

“बसेल कुणी पण.”

“कुणी पण नाय बसणार. ती बाजूची लडकूची सून बसणार. मी पडले त्या दिवसापासून तिनं गोणपाट एक वीत माझ्याकडं सरकवलंय, मला सगळं कळतंय.”

रघू हसला नाही. तो म्हणाला, “तू एकटी असताना पडलीस तर?” आत्यानं तोंड भिंतीकडे केलं. म्हणजे करायचा प्रयत्न केला. गादीनं तेवढंही वळू दिलं नाही.

हर्षालीला ते बघवलं नाही. आत्या गप्प बसलेली तिनं कधी पाहिलीच नव्हती. आता आत्या गप्प आणि हर्षाली बोलणारी, हे जगरहाटीच्या उलटं झालं होतं, आणि ते सुलट करायचं असं तिनं त्याच संध्याकाळी ठरवून टाकलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिच्या लक्षात एक गोष्ट आली. आत्या ओटीवर प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेली होती. मांजरानं दुधाच्या पातेल्यात तोंड घातलं. आत्यानं दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर रोवले, ‘हूं’ केलं आणि उभी राहून मांजराच्या सात पिढ्या उद्धारल्या.

हर्षाली दारातच थांबली. “आत्ये, तू उठलीस.”

“मग? मांजर काय बोलावल्यावर जातं होय?”

“खुर्चीवरून उठतेस नि खाटेवरून उठत नायस. म्हंजे पाय ठीक हाय. खोट गादीत हाय.”

“ते मी त्या दिवशीच बोलले. पण म्हातारं माणूस बोललं की कुणी ऐकत नाय.”

“म्हातारी कुणाला बोललीस?” हर्षालीनं विचारलं, आणि कित्येक दिवसांनी आत्या हसली.

खोट गादीत आहे ही बातमी हौसाकाकूपर्यंत पोचायला भिंतीपलीकडे जायचीही गरज नव्हती. ती भिंतीला कान लावूनच असायची. ती लगेच आपल्या घरातली सावरीच्या कापसाची गादी घेऊन आली. लेकीच्या बाळंतपणाला केलेली, पिसासारखी हलकी.

“फोम म्हंजे रबर. रबरावर कुठं माणूस निजतं? सावर घाल वर. सावरीपरीस मऊ जगात काय नाय.”

घातली. आत्या आणखी वीतभर खाली गेली. सकाळी बघतात तर सावर अंगाखालून पळून दोन्ही बाजूंना जमलेली, आणि आत्या मधल्या खळग्यात. हर्षालीनं गादी उचलून बघितली. जिथं आत्याची कंबर होती तिथं कापूस पापडासारखा बसला होता, आणि कितीही थापटला तरी परत फुगायचं नाव घेईना. हलकी वस्तू, डोक्याचं वजन पेलेल. अख्ख्या भागी आत्याचं कसं पेलणार?

“उशीला ठेव काकू ही,” हर्षाली म्हणाली. “डोकं हलकं असतं.”

“कुणाचं गो?” हौसाकाकूनं विचारलं.

त्यातच डोंगराकडच्या वाडीवरून बारकी आली. ती दर बाजाराला मोळी, कंद, मध, जे मोसमात असेल ते घेऊन उतरायची आणि आत्याच्या ओटीवर चहा घेतल्याशिवाय पुढं जायची नाही. खाटेवरचा तो ढीग बघून ती कपाळाला हात लावून उभी राहिली.

“भागीबाय, ही गादी हाय का वारूळ? आमी पेंढ्यावर जन्मलो नि पेंढ्यावर निजतो. आमच्या वाडीत कुणाचा खुबा मोडलेला ऐकलास?”

“माझा पेंढ्यावरूनच पडून मोडला गो,” आत्या म्हणाली.

पण बारकीनं ऐकलं नाही. अंगणातून कवळाभर पेंढा आणून तिनं फोमच्या गादीखाली सारला. खाट एकदम उंच झाली, आत्याचा चेहराही वर आला, सगळ्यांना बरं वाटलं. सकाळी हर्षाली उठून बघते तर मोकळा पेंढा एका बाजूनं सपाट झालेला, गादी उतरणीला लागलेली, आणि आत्या प्लास्टिकवरून घसरत जाऊन भिंतीला पालीसारखी चिकटलेली.

“हर्षे,” ती भिंतीशीच बोलली, “मला सोडव, मग तुझ्या त्या बारकीमावशीला बघते.”

आता मात्र हर्षालीचं डोकं फिरलं. मऊ, मऊ, आणखी मऊ. जो येतो तो मऊपणाच ओततोय. तिनं सगळं काढलं. फोम ओढत नेऊन पडवीत भिंतीला उभा केला. मग रिकाम्या खाटेकडे बघितलं आणि तिला आणखी एक चोर सापडला. नवार. मधोमध ती पाळण्यासारखी लोंबत होती. दरवर्षी झोडणी झाली की आत्या स्वतः पायाचा रेटा देऊन नवार ओढून बांधायची. यंदा झोडणी झाली आणि तिचा पायच मोडला. म्हणजे वर काहीही अंथरलं असतं, सोन्याची गादी अंथरली असती, तरी ती मधे बुडणारच होती.

हर्षालीनं माळ्यावरच्या फळ्या उतरवल्या, खाटेच्या चौकटीवर आडव्या टाकल्या आणि वर एक गोधडी पसरली. मग ओटीवर येऊन, हौसाकाकू आणि येणारेजाणारे दोघे ऐकतील अशा आवाजात, तिनं जाहीर केलं की दुखऱ्या हाडाला आधार लागतो, आधार म्हणजे कडकपणा, आणि आत्या आजपासून आपली आपण उठणार.

आणि हात धरून का होईना, आत्या पहिल्या झटक्यात उठून बसली. हर्षालीनं अंगणात गिरकी घेतली.

सकाळी आत्या खाटेवर नव्हतीच. ओटीवर खुर्चीत बसलेली, डोळे तांबारलेले.

“आत्ये, तू उठलीस?”

“निजले कुठं उठायला? हौसा दूध काढायला उठली होती, तिला हाक मारून खुर्चीत येऊन बसले. या कुशीला सळी टोचते, त्या कुशीला फळी. तुझी गादी मला उठवते गो, पण निजवत नाय. असली गादी पोलीस ठाण्यात ठेवतात.”

हर्षालीला काही सुचेना. दुपारी तिनं आत्याला पुन्हा फळ्यांवर निजवलं आणि कमरेखालून हात घालून बघितला. हात सरळ या बाजूनं त्या बाजूला निघाला. कसाऱ्याच्या बोगद्यातून गाडी निघावी तसा. म्हणजे कंबर हवेत लटकत होती आणि सगळा भार दोन हाडांवर. मग पडवीतला फोम खाली टाकून स्वतः त्यावर निजली आणि आपल्याच कमरेखाली हात घालायला गेली. बोटंसुद्धा शिरेनात. इकडं बोगदा, तिकडं दरड कोसळलेली. आणि रविवार जवळ यायला लागला होता.

बाजाराच्या आदल्या दिवशी आत्या म्हणाली, “पिंपळाखाली कुणीतरी बसा गो. निदान टमाटी तरी न्या. जागा उघडी दिसता नये.” हर्षालीनं उत्साहानं टोपली भरायला घेतली. आत्याच्या परसातली टमाटी, लाल, पातळ सालीची, तिला अगदी जपून न्यायची होती. म्हणून तिनं टोपलीत तळापासून भरपूर मोकळा मऊ पेंढा घातला, वर आणखी घातला, आणि त्यात टमाटी बाळासारखी निजवली.

हौसाकाकूनं टोपली घेतली आणि दोघी रिक्षानं बाजारात गेल्या. पिंपळाखाली उतरवून बघतात तर पेंढा बसलेला, सगळी टमाटी घरंगळत मधल्या खळग्यात जमलेली, एकमेकांच्या उरावर. तळची फुटून रस्सा. लडकूची सून आपल्या गोणपाटावरून वाकून म्हणाली, “काय गो, भागी आत्यानं आता सॉस करायला घेतला का?”

हर्षालीनं तिला दोन उत्तरं दिली, त्यातलं एक तर फारच चांगलं होतं, पण फुटलेली टमाटी त्यानं जुळली नाहीत. घरी येऊन टोपली आत्यासमोर ठेवली. आत्यानं आत बघितलं आणि खुर्चीत ताठ झाली. आजारी पडल्यापासून तिचा असा आवाज लागला नव्हता.

“हे काय केलंस? टोपली भरलीस का गोठ्यात गव्हाण? पेंढा मोकळा घालतात होय?”

“मऊ राहावं म्हणून...”

“पेंढा मऊ करायला नाय घालत गो. पेंढा वजन धरायला घालतात. खाली घालायचा, गुडघ्यानं दाबायचा, परत घालायचा, परत दाबायचा, गुडघा टोपलीला लागायचा बंद होईस्तोवर. कडेला आणखी घट्ट, हात तिथं लागतो. मऊपणा पळसाच्या पानाचा. तो वरून, पातळ, साल खरचटू नये एवढाच. खाली मऊ घातलंस की माल बुडतो, वर कडक ठेवलंस की माल सोलतो. एवढं पण...”

आत्या थांबली, कारण हर्षाली टोपलीकडे बघत नव्हती. ती खाटेकडे बघत होती.

“आत्ये,” ती हळूच म्हणाली, “तू टमाटं आहेस.”

“काय?”

“तू टमाटं आहेस. आमी सगळी तुला खाली मऊ घालून बुडवत होतो. नि मी तुला पान न घालताच निजवलं.”

आत्यानं भाचीकडे बघितलं, खाटेकडे बघितलं, आणि म्हणाली, “बारकी गेली का बघ. तिला म्हणावं दाभण आणि सुतळी घेऊन ये.”

मग त्या अंगणात जो कारखाना चालू झाला तो बघायला शाळेतल्या चार मुली आपणहून आल्या आणि कामाला जुंपल्या गेल्या. चार स्वच्छ बारदानं घेतली. पेंढा झटकून, उन्हात कडकडीत वाळवून, त्यातली टोचणारी खुरटं काढून टाकली. मग पोती भरायची. एकजण पेंढा आडवा घाली, दुसरी पायांनी तुडवी, परत उभा घाली, परत तुडवी. आत्या खुर्चीतून काठीनं दाखवत होती.

“तिकडं पोकळ हाय. काठी आत जातेय. कोपरा भर, कोपरा. बारके, तुझ्या हातात जोर नाय का?”

“पोती तोंडानं भरता आली असती तर तूच भरली असतीस भागीबाय,” बारकी दाभण ओढत म्हणाली.

पहिलं पोतं फसलं. इतकं ठासून भरलं की ते कलिंगडासारखं गोल झालं. हर्षाली त्यावर निजून बघायला गेली आणि गडगडत तुळशीपाशी पोचली. मधला पेंढा काढला, आणि बारकीनं आरपार सुतळीचे टाके घालून पोतं पाटासारखं सपाट बसवलं. कडेच्या पोत्यांत मात्र पेंढा जास्त, कारण बसताना भार काठावर येतो. हर्षालीनं प्रत्येक पोत्यावर गुडघा टेकवून, सगळं वजन टाकून बघितलं. गुडघा थोडा आत जाऊन थांबला पाहिजे, फळीला लागता नये.

मग पळसाच्या पानाचा प्रश्न. ते माळ्यावर होतं. आत्याची जुनी कापसाची गादी, जी रघूनं गुंडाळून टाकली होती. खाली काढली तर गोळे झालेली, दगडासारखी. आत्या म्हणाली, “कापूस मेलेला नाय, रुसलाय. ऊन दाखव.” शिवण उसवून कापूस बोटांनी सोडवला, दोन दिवस कडक उन्हात टाकला, काठीनं झोडला, आणि गादी पूर्वीच्या निम्म्या जाडीची, सारखी, हलकी शिवली. उरलेल्या कापसावर हौसाकाकूचा डोळा होता. तिला लोड झाला. तिची सावर आत्याच्या उशीत गेली आणि तिथं मात्र ती राणीसारखी बसली.

खाटेवर फळ्या, फळ्यांवर पोती, पोत्यांवर कापसाची गादी. खाटेच्या पायांखाली विटा सरकवल्या, म्हणजे काठावर बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा जरा खाली राहतील. आत्याला निजवलं. हर्षालीनं कमरेखाली हात घातला. हात गेला, पण सहज नाही. बांगडी मनगटावर जाते तसा, थोडी ओढाताण करून.

“निजते का?” बारकीनं विचारलं.

आत्याला कधीच झोप लागली होती. चहाच्या वेळेपर्यंत ती घोरत होती, आणि हौसाकाकू भिंतीपलीकडून नवऱ्याला सांगत होती की ऐक, गादीचा आवाज.

तर गादी झाली. पण माणूस म्हणजे नुसतं टमाटं नव्हे, हे हर्षालीला दुसऱ्या दिवशी कळलं. आत्या कुशीवर वळायची, पाय खाली सोडायची, काठावर हात रोवायची, हात रुतायचा नाही, सगळं बरोबर, आणि उठायच्या क्षणी म्हणायची, “हर्षे, बोट दे.” नुसतं बोट. त्यावर भार म्हणून ती काही टाकत नव्हती. पण बोटाशिवाय उठतही नव्हती.

“आत्ये, तू बोट धरत पण नायस. नुसतं शिवतेस.”

“शिवू दे की मग. तुझं काय झिजतं?”

“बाबा म्हणतील उठवायला माणूस लागतंय.”

आत्या पदराशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, “उडवीवरून पडले ना, तेव्हा पण वाटलं होतं की पाय ठेवलाय तिथं घट्ट हाय.” एवढंच. हर्षालीकडे यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. तिनं नुसतं बोट पुढं केलं.

रविवार उजाडला तरी बोट सुटलं नव्हतं.

रघू सकाळीच टेम्पो घेऊन आला. रात्रपाळी करून तसाच आलेला, डोळे मिटत होते. आत्या खाटेवर पडून होती. तिनं डोळे घट्ट मिटून घेतले, म्हणजे झोपली आहे असं वाटावं. रघू पडवीत आला आणि थबकला. त्याची पांढरी गादी भिंतीला टेकून उभी होती, गुलाब एका बाजूला, आणि तिच्या सावलीत मांजर.

“ही हितं?” तो दुखावला. “मी एवढी आणली, नि तुमी आक्काला पेंढ्यावर निजवलंत? लोकं काय बोलतील? भाऊ रेल्वेत नि बहीण पोत्यावर.”

“बाबा, मी सांगते. यात आधारच नाय. फोम जाड हाय पण पोकळ हाय. उचलून बघा, किती हलका...”

“तू भाषण नको देऊस. मुरबाडच्या दुकानात मी निजून बघितलंय.”

“चपला घालून, पाय खाली सोडून?”

“मग दुकानात काय रात्र काढायची?” रघूनं गादी पडवीत आडवी टाकली. “हे बघ. आता बघ. यात काय वाईट हाय ते सांग मला.” आणि तो त्यावर निजला.

गादी चर्रकन वाजली. रघू खाली गेला. रात्रभर रुळांवर चालून आलेला माणूस, त्याच्या तोंडावर असं काही समाधान पसरलं की हर्षालीला वाटलं, संपलं, आता आत्या किन्हवलीला चालली.

“बघ,” तो डोळे मिटून म्हणाला. “स्वर्ग हाय.”

“मग आता उठा.”

“उठतो की.” त्यानं हात रोवला, हात गेला. कोपर रोवलं, कोपर गेलं. टाचा मारल्या तर प्लास्टिकवरून त्या सूं करून पुढं निघाल्या. तो कुशीवर वळला आणि गादीनं त्याला परत मधोमध आणून ठेवलं. शर्ट घामानं प्लास्टिकला चिकटला. टेम्पोचा ड्रायव्हर आदेश दारात उभा राहून हे सगळं मन लावून बघत होता.

“हर्षे, हात दे.”

हर्षाली हात देण्याच्या स्थितीत नव्हती. ती खांबाला धरून हसत होती, आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

“अगो हात दे बोलतोय ना. आदेश, तू तरी.”

“शेठ, माझी कंबर नाजूक हाय,” आदेश म्हणाला.

“काय झालं गो तिकडं?” आतून आत्याचा आवाज आला.

“बाबा बुडाले,” हर्षाली कशीबशी बोलली.

“कशात?”

“गादीत.”

“एवढं माणूस बुडतंय नि तुमी बघत काय उभी? लहानपणी पण असाच, डबक्यात पडायचा नि हाका मारायचा. रघ्या, हलू नको. जेवढा हलशील तेवढा आत जाशील.”

मग वॉकर टेकल्याचा आवाज झाला. ठक, ठक. हर्षाली हसायची थांबली. आदेशनं तोंडातली काडी काढली. आत्या उंबऱ्यात येऊन उभी राहिली, पदर खोचलेला, केस विस्कटलेले, आणि खाली पडलेल्या भावाकडे तिनं वरून बघितलं.

“अजून नाय उठलास?”

रघू खालूनच तिच्याकडे बघत राहिला. “आक्का, तू कशी आलीस?”

“कशी म्हंजे? चालत.”

“तुला उठवलं कुणी?”

आत्यानं मागं वळून खाटेकडे बघितलं. खाट रिकामी होती, गादीवर फक्त ती निजली होती तेवढा एक उथळ खळगा होता, आणि तोही बघता बघता भरून येत होता. मग तिनं हर्षालीकडे बघितलं. हर्षालीची दहाही बोटं खांबाला होती.

“कुणी नाय,” आत्या म्हणाली. जरा मोठ्यानं परत म्हणाली, “कुणी नाय उठवलं.”

भिंतीपलीकडे हौसाकाकूच्या हातातलं भांडं पडलं.

रघूला शेवटी आदेशनंच ओढून काढलं. काढल्यावर तो आत गेला, बायकांनी शिवलेल्या त्या गादीवर बसला, उठला, परत बसला, गुडघा टेकवून बघितला, पोत्याचे टाके हातानं चाचपले. आत्या ओटीवर खुर्चीत बसून चहा ओतत होती. त्यानं बाहेर येऊन कप घेतला आणि चहावर फुंकर घातली.

“नवार मात्र मी ओढून देतो,” तो म्हणाला. “फळ्या काढू नका, पण ओढून देतो.”

“दे.”

“आणि उडवीवर चढायचं नाय.”

“बरं.”

“‘बरं’ एवढ्या लवकर बोललीस म्हंजे चढणार आहेस.”

आत्यानं ते ऐकलंच नाही. ती परसाकडे बघत होती, जिथं टमाटी पिकून वाकली होती. “टेम्पो आलाच हाय,” ती म्हणाली, “तर रिकामा कशाला न्यायचा? हर्षे, टोपल्या काढ. खाली पेंढा मी दाबते, तू फक्त पानं लाव. आणि रघ्या, ती गुलाबाची गादी पण घाल आत. किन्हवलीला ने. सुट्टीच्या दिवशी तुला कुठं उठायचं असतं?”

“प्लास्टिक काढू का हिचं?” हर्षालीनं विचारलं.

रघूनं क्षणभर विचार केला. “राहू दे,” तो म्हणाला. “नवी हाय.”